आमचे साडू आणि सातवी मॅच

आइस हॉकी माझ्याइतकी कोळून प्यायलेला मराठी माणूस अख्ख्या जर्मनीत सापडायचा नाही. आता ते ज्या काळ्या चकतीनं खेळतात ती मला आजवर एकदाही दिसलेली नाही, पण ते सोडा. चकती नाही दिसली तरी मला आमचे साडू दिसतात, आणि साडूंचा चेहरा ज्याला वाचता येतो त्याला बर्फाकडं बघायची गरजच नाही. भुवया वर गेल्या की आपण हल्ला करतोय, मफलर तोंडात गेला की समोरचे हल्ला करतायत, आणि मान खाली गेली की गोल खाल्ला. ह्या सीझनला त्यांची मान इतक्यांदा खाली गेली की टकलावरचा तीळसुद्धा मला पाठ झाला.

साडू म्हणजे आमच्या मंडळींच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे पुण्याचे, लिफ्टच्या कंपनीत इंजिनियर, म्युनिकपासून तासाभरावरच्या ह्या गावात त्यांची उमर गेली. मी सांगलीकडचा. शाळा मी नववीत सोडली असं मी सगळ्यांना सांगतो, शाळेचं म्हणणं जरा वेगळं आहे. इथं एका इंडियन हॉटेलात मी आचारी आहे, आणि ती नोकरीही साडूंनीच लावून दिली. असा शिस्तीचा माणूस मी बघितला नाही. काचेची बाटली टाकायला जातील तर हिरवी हिरव्या डब्यात आणि पांढरी पांढऱ्यात, आणि झाकण काढून खिशात. कुणी काही विचारलं की आधी "आल्झो", म्हणजे "तर", मग मुद्देसूद उत्तर, मग "गेनाऊ", म्हणजे "अगदी बरोबर". पण गावच्या हॉकी टीमचं नाव निघालं की हा एवढा हुशार माणूस माझ्या पातळीवर येतो. माझ्या पातळीवर यायला किती खाली यावं लागतं ते मला माहीत आहे.

टीमचा मफलर त्यांनी देवघराच्या खुंटीला अडकवलाय. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, तो काढून धुवायला टाकला तर हे म्हणाले, "सीझन संपेपर्यंत धुवायचा नाही, त्यातलं जिंकणं निघून जातं." अक्का म्हणाल्या, "जिंकणं कुठंय त्यात? नुसता बिअरचा वास येतोय." सत्यनारायणाला पूजेवर बसले तेव्हा सोवळ्याच्या उपरण्याखाली टीमची जर्सी होती. गुरुजींनी बघितलं, पण गुरुजी एरवी म्युनिकला कॉम्प्युटरवर बसणारे, त्यांनी जर्सीलाही अक्षता लावून टाकल्या. खेळाडू म्हणजे तर ह्यांचे भाचे-पुतणेच. "आपल्या गोलकीपरचं लक्ष नाही हो सध्या, बायको बाळंत झालीय, रात्रभर जागरण." त्या गोलकीपरचा गुडघा दुखतो असं पेपरात आलं, तर मला फर्मान, "साडूबुवा, डिंकाचे लाडू करा." मी केले. साडूंनी डबा नेऊन त्याच्या हातात दिला. तो म्हणे फार आनंदला, आणि पुढच्या मॅचला त्याच्या दोन पायांमधून इतके गोल गेले की मी सोडून सगळ्यांना ती चकती दिसली.  मला दारात सोडताना साडू एवढंच म्हणाले, "तूप जरा जास्त झालं असेल का?"

सीझनभर असंच. टीम हरायची आणि साडू कारण शोधायचे. बर्फ मऊ होता. रेफ्रीला चष्मा लागलाय. नवा ट्रेनर फिनलंडचा आहे, तो बोलतच नाही, मग पोरांना कळणार कसं? ख्रिसमसपर्यंत सगळी कारणं संपली, आणि मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

झालं असं होतं की मी ज्या ज्या मॅचला गेलो ती ती मॅच आपण हरलो होतो. आता मी न गेलेल्याही हरलोच होतो, पण तो हिशोब कुणी मांडत नाही. साडू म्हणाले, "साडूबुवा, अंधश्रद्धा मी मानत नाही. पण निरीक्षण मानतो."

"मग मी येत नाही," मी म्हणालो. मला आनंदच झाला, उभ्यानं मॅच बघून माझ्या टाचा दुखायच्या.

"नाही नाही, यायचं. पण बाजू बदलायची. लिफ्टमध्ये कसं असतं, एका बाजूला माणसं आणि दुसऱ्या बाजूला वजन. तुम्ही वजन. ते वजन आपण समोरच्यांच्या बाजूला टाकायचं."

आणि खरोखर त्यांनी मला पाहुण्या टीमचा मफलर आणून गळ्यात घातला आणि जाळीपलीकडं त्यांच्या लोकांत नेऊन उभं केलं. जर्मनीत येऊन मला एवढा मान कुणी दिला नव्हता. पाहुणे लोक मला बघून खूश. आपल्या टीमचा माणूस थेट इंडियातून आलाय म्हटल्यावर बिअर काय, सॉसेज काय, एका बाईनं तर मला आपले हातमोजे दिले. ती मॅच आमच्या गावची टीम जिंकली. तेव्हापासून माझ्या कपाटात जर्मनीतल्या निम्म्या गावांचे मफलर आहेत. आमची मंडळी त्यांनी ओटा पुसते.

पण एवढं वजन टाकूनही टीम तळालाच राहिली. आणि इथंच घोटाळा झाला, कारण साडूंच्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

मुलगी इथंच वाढलेली. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये देते. नवरामुलगा ड्युसेलडॉर्फचा, जर्मन, देखणा, नम्र. साडूंचं मत, "मुलगा हिरा आहे. फुटबॉल बघतो तेवढं सोडलं तर." रजिस्टर लग्न आधीच उरकलं होतं, आता अंतरपाट, मंगलाष्टकं, सगळं मराठी पद्धतीनं चर्चच्या हॉलमध्ये करायचं होतं. मुहूर्त संध्याकाळचा, रविवारचा. तारीख साडूंनीच काढली होती, आणि ती काढताना पंचांगाच्या शेजारी हॉकीचं वेळापत्रक ठेवलं होतं. त्यांचं गणित सरळ होतं. ह्या वर्षी आपण इतके वाईट खेळतोय की पुढच्या फेरीत जाण्याचा प्रश्नच नाही, मार्चमध्ये हरून मोकळे. मग लेकीचं लग्न निवांत.

एवढा इंजिनियर माणूस, पण एक गोष्ट विसरला. फार वाईट खेळलं तर मोकळं सोडत नाहीत. तळाच्या टीमांना आपापसात झुंजवतात. सातातल्या चार मॅच जो आधी जिंकेल तो वाचला, दुसरा गेला खालच्या लीगमध्ये. आमच्या टीमनं तीन जिंकल्या, दोन हरल्या. सहावी शुक्रवारी, आमच्या गावात. ती हरलो तर सातवी रविवारी संध्याकाळी, त्यांच्या गावात. बरोबर मुहूर्ताच्या वेळेला.

बुधवारी आम्ही सगळे अक्कांच्या घरी रुखवत बांधत बसलो होतो. पोरगी साडूंसमोर येऊन उभी राहिली आणि जर्मनमध्ये विचारलं, "पापा, रविवारी तुम्ही येणार ना?"

साडूंनी "आल्झो" म्हटलं नाही, "गेनाऊ" म्हटलं नाही. खुंटीवरचा मफलर ओढून त्याचं टोक तोंडात धरलं आणि बाल्कनीत निघून गेले. पोरगी तिथंच उभी. हातातला साखरेचा हत्ती तिनं खाली ठेवला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

अक्का रडणाऱ्यातल्या नव्हेत. त्या माझ्याकडं वळल्या. "भाऊजी, हा माणूस गेला मॅचला तर कन्यादानाला तुम्ही आणि धाकटी पाटावर बसायचं. माझ्या पोरीचं लग्न अडायचं नाही."

माझ्या हातातली खोबऱ्याची वाटी पडली. मी आणि कन्यादान! मला संकल्पाचं संस्कृत म्हणता येत नाही, मला आडनावाचं जर्मन स्पेलिंग सांगता येत नाही. आमची मंडळी म्हणाली, "अहो, पाटावर तुम्ही बसलात तर वऱ्हाडाची मसालेभाताची पातेली कोण बघणार?" मी म्हणालो, "मला भाताची काळजी नाही. ती पोरगी अंतरपाटाच्या पलीकडून बापाला शोधेल आणि तिला हे माझं तोंड दिसेल, त्याची काळजी आहे."  हॉकीचं नाव काढलं की नाक मुरडणाऱ्या अक्कांनी त्या रात्री त्याच हॉकीसाठी गणपतीपुढं दिवा लावला.

शुक्रवारी मी पाहुण्यांच्या घोळक्यात मफलर घालून उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मी जीव लावून उभा राहिलो. अंगात जेवढं अपयश होतं तेवढं सगळं, नववीपासूनचं, त्या टीमच्या नावानं सोडलं. वेळ संपली तरी मॅच बरोबरीतच, मग जादा वेळ सुरू झाला. आता जो पहिला गोल करेल तो जिंकला. माझी उंची ही अशी, पुढं सहा-सहा फुटांचे जर्मन, मला नुसत्या पाठी दिसत होत्या. एकाएकी एकच गलका झाला आणि ती हातमोज्यांची बाई नव्हे, तिच्याहून दुप्पट असा एक दाढीवाला माझ्या गळ्यात पडला आणि हुंदके देऊन रडायला लागला. मला कळेना. जर्मन माणूस आनंदानं रडतोय की दुःखानं, हे मला एवढ्या वर्षांत ओळखता येत नाही. स्टेडियम गात होतं, पण हे लोक हरल्यावर जास्तच जोरात गातात. मी त्याच्या कोटातून कसंबसं डोकं बाहेर काढलं आणि पलीकडं साडूंना शोधलं.

साडू पायरीवर बसले होते. मान खाली. डोकं दोन्ही हातांत.

संपलं, म्हटलं. मान खाली म्हणजे गोल खाल्ला. मी धावत सुटलो, जाळीला वळसा घालून, लोकांच्या पायावर पाय देत, तो पाहुण्यांचा मफलर गळ्यात तसाच. त्यांच्यापुढं उकिडवा बसलो आणि म्हणालो, "साडूभाऊ, जा तुम्ही रविवारी. मी बसतो पाटावर. संस्कृत पाठ करतो. पण पोरीला निदान फोन करा हो."

त्यांनी डोकं वर केलं. चेहरा सगळा ओला. "साडूबुवा, आपण जिंकलो. वाचलो. राहिलो लीगमध्ये."

मी गळ्यातला पाहुण्यांचा मफलर काढून खिशात कोंबला.  मग विचारलं, "आणि हरलो असतो तर?"

"तर काय? रविवारी लग्नातच असतो की! लेक आहे माझी."

"अहो मग बुधवारी तिला सांगितलं का नाही? पोरगी दोन दिवस जेवली नाही!"

साडू इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "सांगितलं असतं तर सातव्या मॅचची तयारी केल्यासारखं झालं असतं. तयारी केली की ती होते. सहावी मग हरलोच असतो ना आपण." आणि वर, "हे निरीक्षण आहे."

ह्या माणसानं बांधलेल्या लिफ्टमधून म्युनिकमधले लोक रोज वर-खाली जातात. देव त्यांचं भलं करो.

त्यांनी तिथूनच फोन लावला. पोरगी पलीकडून जर्मनमध्ये बराच वेळ बोलली. मला सगळं कळलं नाही, पण साडू नुसते "या, या", म्हणजे जर्मनमध्ये "हो, हो", म्हणत होते आणि कान लाल होत होते. शेवटी ती मराठीत म्हणाली, "बाबा, तुम्ही वेडे आहात," आणि साडू म्हणाले, "गेनाऊ."

लग्न झालं. साडू पाटावर बसले, मंगलाष्टकं साडूंनीच सगळ्यांत बेसूर आणि सगळ्यांत मोठ्यानं म्हटली. मसालेभात खाली लागला नाही. रात्री मुलगी ड्युसेलडॉर्फच्या गाडीत बसली, काचेतून हात केला, आणि गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. बाकीचे आत गेले, साडू पार्किंगमध्येच उभे राहिले. मी जाऊन शेजारी उभा राहिलो.

"लहानपणी बिअरच्या क्रेटवर उभी करायचो हिला," ते म्हणाले. "ती माझा हात धरायची आणि दोघं ओरडायचो. तिचा सीझनचा पास मी अजून दर वर्षी काढतो. ती येत नाही, तरी काढतो."

"ह्या वर्षीपण काढणार?"

"काढणार की. लीगमध्ये राहिलोय ना आपण. परत ऑक्टोबरपासून हरायला सुरुवात." आणि असं हलकं हसले, जणू कुणी त्यांना आणखी एक वर्ष भरभरून हरायची परवानगीच दिली होती. वारा गार होता. चर्चच्या झाडावर एक पक्षी उगाच ओरडत होता. मला वाटलं, ह्या माणसाचं घर, लेक, टीम, सगळं एका शुक्रवारनं राखलं, आणि त्या शुक्रवारात थोडा वाटा आपलाही आहे.

मी घसा खाकरून म्हणालो, "साडूभाऊ, एका परीनं बघितलं तर हे सगळं माझ्यामुळंच जमलं, नाही का?"

मागून अक्कांचा आवाज आला. हातात झाडू होता.

"पोरं खेळली म्हणून जिंकली. तुम्ही फुकटची बिअर प्यायलात. आता आत या आणि ती पातेली घासा, हॉलचा राखणदार, तो हाउसमाइस्टर, किल्लीसाठी ताटकळलाय."