युरेनियमचं टॉनिक

"तोंड सुजी गयं डाक्टर, लघवीबी कमी व्हयनी," युसूफभाई शिंपी म्हणाले.

त्यांना मधुमेह होता, पण ही सूज नवी होती. लघवी तापवून पाहिली, तर ती दह्यासारखी गोठली. म्हणजे लघवीतून प्रथिनं जात होती, मूत्रपिंडांना इजा झाली होती. "नवं औषध काही घेता?" विचारल्यावर त्यांनी पिशवीतून बाटली काढली. लेबलवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'युरेनियम टॉनिक'. जपानवरच्या अणुबॉम्बनंतर नंदुरबारात तो शब्द सगळ्यांच्या तोंडी होता.

टॉनिक मी त्याच क्षणी बंद केलं. आतला पिवळा क्षार वाळवून, काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या काचेवर ठेवला. युरेनियममधून सतत किरण निघतात, ते कागदातूनही जातात. काही दिवसांनी काच धुतली, तर क्षाराखाली काळा डाग. नाव खरं होतं, हेच वाईट.

मी तडक औषधाच्या दुकानात गेलो. कंपनीचा एजंट तिथेच बसला होता.

"साहेब, बॉम्बचं युरेनियम २३५. आमचं २३८, एकदम निरुपद्रवी," तो हसत म्हणाला.

माझं डोकं फिरलं. दोन्ही युरेनियमच. २३८च्या अणूत तीन न्यूट्रॉन जास्त, म्हणून तो थोडा जड. खाणीतल्या युरेनियममध्ये बहुतेक सगळं तेच असतं. पण रासायनिक गुण दोघांचे सारखे, विषही सारखंच, आणि शरीराबाहेर पडताना दोन्ही मूत्रपिंडांतूनच जातात, त्यांना इजा करत.

"मूत्रपिंड न्यूट्रॉन मोजत नाही!" मी ओरडलो. "शिसं जसं विष, तसंच हे. माणसं मरतील."

दुकानदार शेठ खाली बघत म्हणाले, "लोकंच मांगतस डाक्टर. मी काय करू?"

तेवढ्यात युसूफभाई आले. दुकानाच्या पायरीवर बसले आणि डोक्याचा रुमाल काढून सुजलेला चेहरा उघडा केला.

"मी आठेच बठस. ज्याले बाटली लेनी शे, त्यानी पह्यले मन्हं तोंड देखा."

एक गिऱ्हाईक थबकलं आणि परत फिरलं. दुसऱ्यानं तर घेतलेली बाटली परत दिली. दुपारपर्यंत शेठनी खोकं एजंटच्या पुढ्यात ठेवलं. तो संध्याकाळच्या गाडीनं गेला, बाटल्यांसकट. मी सरकारकडे तक्रार केली, तिला उत्तर आलं नाही. त्या बाटल्या पुढे कुणाच्या पोटात गेल्या, कोण जाणे.

युसूफभाईंची सूज उतरली. मूत्रपिंडं मात्र पूर्वीसारखी झाली नाहीत.

तेव्हापासून कुणी नवं औषध कौतुकानं दाखवलं, की मी विचारतो: हे शरीरातून बाहेर कुठून पडतं? एजंटांना सहसा सांगता येत नाही.