हिराताईंचं बोट

हिराताई फाइल बोटाने वाचत. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आकड्यांच्या ओळी, उजवी तर्जनी हवेत आणि ओठ पुटपुटत. बोट सरके, उचललं जाई, पुन्हा खाली टेके. जणू पोथीच वाचताहेत.

बोनकोड्याच्या म्हात्र्यांच्या ह्या सुनेने उमेदीची वर्षं रबाळ्याच्या एका कारखान्यात मशीनसाठी कागदी फिती तयार करण्यात घालवली. फितीवरची भोकं हाच तेव्हा मशीनला हुकूम. मी कोपरखैरण्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत फाइलमधल्या आकड्यांच्या हुकमावर लाकूड कोरायचं छोटं सीएनसी मशीन बसवलं, तेव्हा समोरच्या बिल्डिंगमधून आवाज ओळखून त्या स्वतःहून आल्या. "आदी वाचाचा, मंग चालवाचा," म्हणाल्या. "मशीनला डोले नसतान. सांगशील तिथं घुसंल."

मी मनातल्या मनात हसलो. मला कॉम्प्युटरवर अख्खं चित्र दिसत होतं, आकडे कशाला वाचू?

पुढे गावी बाबा गेले आणि आई माझ्याकडे राहायला आली. ते ज्या सागवानी पाटावर जेवायला बसत, त्यावर त्यांचीच सही कोरून तो आमच्या दारावर लावायचा, असं आईने ठरवलं. पाट एकच. बिघडला की संपलं. मी सही स्कॅन केली, फाइल केली, मेमरी कार्डावर घेतली. कार्ड मशीनमध्ये घालणार, तोच पाट बघायला आलेल्या हिराताई म्हणाल्या, "थांब. आकडे दाव."

बोट निघालं आणि दुसऱ्याच ओळीत अडलं. "उने आकडे येतान. तुजा शून्य, म्हंजे मोजाची सुरवात, सहीच्या मदी हाय, नि मशीनला तू पाटाचा कोपरा दाखवलास. अर्दी सही पाटाभायेर जाईल."

आई पाटावर हात ठेवून बसली होती. मी शून्य कोपऱ्यावर आणून फाइल नव्याने काढली.

हिराताईंनी तीही पहिल्यापासून वाचली. आम्ही दोघं नुसतं बोट बघत होतो. अगदी शेवटी ते खाली उतरलं आणि झटक्यात वर चढून थांबलं.

"शेवटाला परत वर गेला रं. सहीचा शेपूट उचलाची सवय होती का तुज्या बापाला?"

"होती," म्हणतानाच आईला रडू फुटलं. हिराताईंनी बाबांना कधी पाहिलं नव्हतं, सहीही नाही. त्यांच्यापुढे फक्त आकडे होते.

गेल्या वर्षी हिराताईही गेल्या. आता कार्ड घालण्याआधी मी फाइल उघडतो, तर्जनी हवेत धरतो. दहा ओळींपलीकडे मला आकड्यांतलं चित्र दिसत नाही. मग उठून दारापाशी जातो, बाबांच्या सहीच्या शेपटीवरून बोट फिरवतो आणि परत येऊन पहिल्या ओळीपासून वाचायला लागतो.