कासरा सोडला आणि गाडी वळली: चाकूर ते नांदेड, जाऊन येऊन

सगळ्यांना जय भीम, नमस्कार. नांदेडहून आलो की लिहितो असं सांगून गेलो होतो आणि दिवाळी होऊन गेली तरी लिहिलं नाही, त्याबद्दल माफ करा. काहींनी विचारलंही, बाबा धड पोचलात का. पोचलो होतो. पण एकदा जमलेलं खरं धरावं की नाही, हे मला कळत नव्हतं. परत दोनदा बायकोला मागं बसवून त्याच रस्त्यानं जाऊन आलो, मग लिहायला बसलो. सातवी शिकलेला माणूस, मोबाईलवर एका बोटानं लिहितो, त्यातही वेळ जातो.

नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगतो. आमचं गाव चाकूरहून शिरूर अनंतपाळकडे जाताना रस्त्यापासून थोडं आत आहे. मी पंचायत समितीत शिपाई होतो, आता निवृत्त. गाडी सव्वाशे सीसीची. मागच्या वर्षी घरी येताना गावाजवळच्या वळणावर ती वळलीच नाही. वळण उजवीकडं आणि गाडी गेली डावीकडच्या मुरमात. मला नुसतं खरचटलं. माझ्या बायकोचं, सुमनचं, मनगट मोडलं.

मनगट जुळलं, पण त्यानंतर ती माझ्या मागं बसली नाही. चाकूरच्या बाजाराला जायचं तरी ती काळीपिवळी जीपमध्ये आणि मी गाडीवर तिच्या मागं मागं. भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणायची, "तुमी व्हा म्होरं, मी येते."

मला झोप लागू देत नव्हतं ते हे, की गाडी वळली का नाही. वेग फार नव्हता. रस्ता कोरडा होता. मी तर उजवीकडचं हँडल जोर लावून ओढलं होतं. कारणच कळलं नाही तर तेच पुन्हा होणार, आणि पुन्हा झालं तर ती कायमची उतरली, एवढं मला कळत होतं.

नांदेडला आमचे साडू राहतात, भगवानराव. बँकेतून निवृत्त झाले आणि सुपरबाइकच्या शर्यतींच्या नादी लागले. त्यांचा फोन आला, "साडूभाऊ, रविवारी शर्यत आहे, टीव्ही मोठा घेतलाय. गाडीवरच या, तिचीबी तब्येत बघू." सुमनला बहिणीला, शकूला, भेटायचंच होतं. ठरलं. ती यष्टीनं, मी गाडीवर.

शनिवारी सकाळी निघालो. निघण्याआधी चाकूरला दोन्ही चाकांत हवा टम्म भरून घेतली, पंक्चरची भीती म्हणून. ही चूक होती, ते पुढं येईलच. सोयाबीनचे दिवस होते. आमच्याकडं रास झाली की सोयाबीन रस्त्यावरच वाळायला पडतं, भोवती दगड लावून. त्याच्यावर चाक गेलं तर गोट्यांवर गेल्यासारखं होतं. म्हणून या दिवसांत येणार असाल तर आतल्या रस्त्यांवर जपून. हायवे मात्र आता मोठा आणि चांगला झाला आहे, मोटारसायकलला टोल नाही. तरी उजवं वळण दिसलं की माझा जीव वर यायचा. मी इतका हळू व्हायचो की मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून वाजवून दमायचे.

अहमदपूरला सुशीला, म्हणजे भिजवून फोडणी दिलेले चुरमुरे, खाल्ला, वर शेंगदाणे आणि लिंबू. हॉटेलवाल्यानं विचारलं, "काका, एकटेच?"

"बायको यष्टीनं येऊन राहिली."

"गाडी असून?"

मी चहा सांगितला.

माळाकोळी, मग माळेगाव. यात्रा नसली की माळेगावचं रान किती मोकळं दिसतं. लोह्याला पाय मोकळे केले. दुपारी नांदेडला पोचलो तेव्हा सुमन जेवून, भांडी घासून बहिणीशी बोलत बसली होती. शकू म्हणाली, "दाजी, यष्टी वाटंत तीनदा बंद पडली तरी आक्का आदी आली. तुमी कुठं मुक्काम केला व्हता काय?"

भगवानरावांनी आधी गाडी बघितली. चाकाला अंगठा लावला आणि म्हणाले, "हे चाक हाय का दगुड?" हवा इतकी कडक की रबर रस्त्याला टेकतच नाही, तर पकड कुठून येणार. गाडीच्या स्टिकरवर हवेचा आकडा दिलेला असतो, एकट्याचा वेगळा, दोघांचा वेगळा. मी इतकी वर्षं तो कधी वाचला नव्हता. त्यांनी हवा कमी केली, चेन सैल होती ती ताणली. मग मागच्या शॉकअपची पट्टी दोन खाचा वर चढवली.

"ही कामून?" मी विचारलं.

"दोघांसाठी. मागं वजन बसलं की गाडी मागं दबती, म्होरलं चाक हलकं हुतं."

"मागं कोणी बसत न्हाई."

"बसंल की," असं म्हणून त्यांनी पाना पिशवीत टाकला.

रविवारी शर्यत. ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगतो, ही पोरं वळणात इतकी वाकतात की गुडघाच काय, कोपरसुद्धा रस्त्याला लागतं. सांगणारा इंग्रजीत बोलतो. भगवानरावांना थोडं कळतं, बाकी ते मनानं जोडतात. निळ्या गाडीवाला त्यांचा लाडका. तो मागं पडला की ते चहा पीत नाहीत. मला तर बघवतच नव्हतं, प्रत्येक वळणाला मी खुर्चीचा दांडा धरत होतो. सुमन आणि शकू खाली बसून मेथी निवडत होत्या.

एका उजव्या वळणात निळ्या गाडीवाल्यानं दोघांना मागं टाकलं. तेच त्यांनी परत, हळू करून दाखवलं. कॅमेरा त्याच्या हातावर होता. वळायच्या आधी त्याचा उजवा हात पुढं गेला. ओढला नाही, ढकलला. चाक आधी जरासं डावीकडं झालं आणि गाडी उजवीकडं झोपली.

"ही क्यामेऱ्याची गंमत दिसते," भगवानराव म्हणाले. "उजवीकडं जायचं आन् हँडल डावीकडं?"

सुमननं मेथीची काडी खाली ठेवली. "परत लावा की ते."

त्यांनी लावलं. तिनं बघितलं आणि माझ्याकडं वळली. "आवं, ह्यो कासरा सोडून राहिला. तुमी वढता."

मला आधी कळलं नाही.

"बैलगाडीवानी. उजवीकडं जायचं की उजवा कासरा वढायचा. तुमी गाडीलाबी तसंच करता. इतकी वर्सं मागं बसले, तुमचं कोपार दिसतंय की मला. त्या दिशी तर पार छातीपातुर आणलं व्हतं."

भगवानराव हसायला लागले. "साडूभाऊ, तुमची गाडी पेट्रोलवर चालती. तिला शिंगं न्हाईत."

हसा म्हणालो आणि माझ्याच उजव्या हाताकडं बघितलं. बैलगाडी मी सातव्या वर्षी हाकली, मोटारसायकल पंचेचाळिशीत, आणि तीही कोणी शिकवली नाही. हाताला जे माहीत होतं तेच हात करत होता. हळू चालताना ते खपतं, हँडल फिरेल तिकडं गाडी जाते. पण वेग आला की उलटं. उजवं हँडल ओढलं की गाडी डावीकडं कलते. मी जितका घाबरलो, तितकं जास्त ओढलं, आणि तितकी ती मुरमाकडं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवानराव मला गावाबाहेर नव्या प्लॉटिंगच्या रस्त्यावर घेऊन गेले. रस्ते झालेत, घरं नाहीत. सरळ रस्ता, पस्तीसचा वेग. उजवा तळवा हळूच पुढं ढकलला. गाडी उजवीकडं गेली. डावा ढकलला, डावीकडं. परत, परत. तुम्हीही करून बघा, पण रिकाम्या रस्त्यावर आणि अगदी हलक्या हातानं. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही, आणि नजर वळणाच्या शेवटावर ठेवायची. दोघी बहिणी चालत आल्या होत्या, हे मला मागाहून दिसलं. सुमन कडेला उभी राहून माझ्या कोपराकडं बघत होती.

निघताना मी तिची पिशवी यष्टीत ठेवायला उचलली. ती म्हणाली, "लोह्यापातुर बसते. तिथनं यष्टी हाय."

मी पिशवी तिच्या हातात दिली आणि मागची सीट पुसली. भगवानरावांनी दोघांच्या हिशोबानं हवा केली होतीच. ते आभाळाकडं बघत उभे राहिले.

लोह्याला स्टँडसमोर थांबलो. तिनं पाणी पिलं. "अमदपूरला पेरू चांगले भेटतेत. तिथवर बसते." अहमदपूरला पेरू घेतले, पिशवी हँडलला लावू दिली नाही, मांडीवर घेतली. "चाकूरला काळीपिवळी भेटंल मला." मी मान हलवून हाव म्हणालो. प्रत्येक स्टँडसमोर गाडी लावताना वाटायचं, आता उतरली.

चाकूरला काळीपिवळी उभी होती, अर्धी रिकामी. ड्रायव्हर ओळखीचा, "मावशी, या," म्हणाला. ती म्हणाली, "भरू दे तुजी, मग बघू," आणि मला पाठीत बोट लावलं. चला.

ते वळण आलं तेव्हा ऊन कलतं झालं होतं. नेमकं तिथंच डावीकडच्या अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन पडलेलं, कडेला दगड. म्हणजे बाहेर जायला जागाच नाही. हॉर्न दिला, समोरून कोणी नव्हतं. ब्रेक आधीच मारला. नजर दगडांकडं ओढ घेत होती, ती वर उचलून पलीकडच्या बाभळीवर ठेवली. हात घट्ट व्हायला लागले. कासरा, असं मनात म्हणालो आणि उजवा तळवा पुढं सोडला. गाडी अशी वळली की जणू तिला रस्ता आधीच माहीत होता.

पुढं गावची घरं दिसायला लागली. मग मागून आवाज आला, "आपलं ते वळण अजून आलं न्हाई का?"

"मागं गेलं."

"हां," ती म्हणाली. मग पिशवी चाचपून म्हणाली, "पेरू दबले वाटतं."

घरी येऊन बघितलं, एकच दबला होता. पेट्रोल जाऊन येऊन चारशेच्या आसपास गेलं. आता शर्यत असली की आम्ही मोबाईलवर दोघं बघतो. ती फक्त कोपर बघते आणि कोण ओढतो, कोण सोडतो ते सांगते. नांदेडहून आलो त्या रात्री मी ताटावरच पेंगलो. वर्षभरात पहिल्यांदा अशी झोप आली.

तुमच्यात बैलगाडीवरून मोटारसायकलवर आलेले माझ्यासारखे कितीतरी असतील. कोपर कुठं जातं ते एकदा बघा, नाहीतर मागं बसणारीला विचारा, आणि ती काय म्हणाली ते मला लवकर कळवा. सोयाबीनच्या दिवसांत रस्त्यावर असाल तर पोचल्यावर दोन शब्द नक्की टाका. तुम्ही पोचलात हे कळेपर्यंत मी उगीच दारात उभा राहतो, आणि सुमन म्हणते, आता ह्यांना कोणाचं वळण लागलं.