माझ्या आईला गावात थांबवणारी हौसाआई

कळसची हौसाआई आज गेली. नात्यानं ती माझी कोणीच नव्हती.

पण मी तिचं दूध प्यायलेय.

सकाळपासून एका जागी बसवत नाहीये. चहा ठेवते, विसरते. म्हणून लिहितेय.

माझी आई कळसच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. मी पोटात असतानाच वडील गेले. माहेर लांब, साताऱ्याकडं. गावात तिचं असं कुणी नव्हतं.

१९५७ साली फ्लूची साथ आली तेव्हा मी अंगावर पिणारं पोर.

डॉक्टर इंदापूरहून आठवड्यातून एकदा यायचे. एरवी सगळा दवाखाना म्हणजे एकटी आई. घराघरात माणसं तापानं पडलेली.
मला ठेवणार कुठं?

हौसाआई शेजारच्या मळ्यातली. वांगी, मिरची करायचे ते लोक. तिचाही मुलगा तान्हाच होता. दवाखान्याच्या पायरीशी येऊन म्हणाली, "बाई, पोरगी माझ्याकडं द्या. एकाला पाजते, तसं दोघांस्नी पाजीन."

तिची सासू चिडली. "ती बाई रोज तापाच्या घरात जाती. तिचं पोर आपल्या घरात कशाला?"

"घरात न्हाय आणत. मळ्यातल्या खोपटात ऱ्हाते तिला घिऊन."

आणि खरंच राहिली. दोन्ही पोरं घेऊन.

आई रोज बांधापर्यंत यायची. जवळ नाही. लांबूनच विचारायची, "प्यायली का?"
हौसाआई मला उचलून दाखवायची. आई वळायची, पुढच्या घरी.

साथ ओसरली. खरं तर तिथूनच सगळं बिघडलं.

हौसाआईची धाकटी जाऊ त्या तापात गेली होती. आई शेवटपर्यंत तिच्या उशाशी होती. पण गावात कुजबुज सुरू झाली, नर्सबाईनंच ताप घरोघर नेला. ज्यांना तिनं चमच्यानं पाणी पाजलं होतं, तेच तिला बघून दार लोटायला लागले.

आईची झोप उडाली. जेवण तुटलं. कुणी खोकलं तरी दचकून उभी राहायची. एके सकाळी ट्रंक भरली आणि मला घ्यायला खोपटावर गेली.

"मी चालले हौसा. राजीनामा देते. बहिणीकडं जाते."

हौसाआईनं अडवलं नाही. "जावा. पर अशा अंगानं कशा जाणार? उभं ऱ्हाता येत न्हाय तुमाला. आधी हितं निजा."

आई निजली. उठली, जेवली, परत निजली. असे कितीतरी दिवस. कुणी औषधाला आलं की हौसाआई बांधावरूनच परत पाठवायची. "बाई आजारी हायती. डाक्टर यील तवा या."

लोकांची पंचाईत झाली. शेवटी सरपंच तात्या स्वतः मळ्यात आले.

"हौसा, बाईला सांग, जाऊ नगा म्हणावं. गावाला नर्स पायजे."

हौसाआईनं पदर सारखा केला. आवाज न चढवता बोलली. "गावाला नर्स पायजे, तात्या. नर्सला काय पायजे, ते कुणी इचारलं का? माणूस माझ्या घरातलं गेलं. मी बाईला बोल लावला न्हाय. मग गाव कोण लावणार?"

तात्या बांधावर टेकले. मग म्हणाले, "बरं, काय पायजे?"

"मला नगा इचारू. त्या बसल्यात बगा तितं."

आई म्हणायची, हा प्रश्न तोवर मला कुणी विचारलाच नव्हता गं.

मग रडत रडत बोलली. खोलीच्या दाराला आतून कडी हवी. अवेळी बोलावलं तर त्या घरातल्या एका बाईनं न्यायला आणि सोडायला यावं. आठवड्यातून एक दिवस कुणी दार वाजवू नये. आणि ड्यूटीवर असताना पोरगी हौसाकडं राहावी.

एवढंच.

कडी लगेच बसली. बायकाही सोबतीला यायला लागल्या. पहिली आली ती हौसाआईची सासू. कंदील घेऊन पुढं चालत राहिली म्हणे.

कुजबुज काही एका दिवसात थांबली नाही. आईची गाढ झोपही परत आली नाही, कधीच.
पण ती राहिली. रिटायर होईपर्यंत कळस सोडलं नाही.

कोरोनात माझी मुलगी बारामतीत नर्स होती. घरमालकानं तिला खोली सोडायला सांगितली. मी पुण्यात अडकलेली, नुसत्या येरझाऱ्या घालत होते. हौसाआईला कुठून कळलं कोण जाणे. तिचा फोन आला. "पोरीला हितं धाड. माझी खोली हाय."

घरच्यांनी तिच्या वयाची भीती घातली. तिनं ऐकलं नाही. स्वतः पडवीत झोपली, खोली माझ्या मुलीला दिली. ती वर्षभर कळसहूनच ड्यूटीला जात होती. तिनंही नोकरी सोडली नाही.

आज हौसाआईला शेवटचं पाणी माझ्या मुलीनंच पाजलं.

मी कळसला निघतेय आता. आई असती तर एव्हाना पोचली असती.

हौसाआई, आम्हा तिघींचा तुला अखेरचा नमस्कार.