हात मांडीखाली ठेवा

मंगल गेल्याचं मला तिच्या भावाने कळवलं नाही, आमच्या सेंटरच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपने कळवलं. सकाळचं पहिलं सेशन चालू होतं, एका लहान मुलीला 'पाणी' म्हणायला शिकवत होते, आणि टेबलावरचा फोन सारखा थरथरायला लागला. उघडून बघते तर जोडलेल्या हातांची रांगच रांग. 'मॅडमच्या हातात जादू होती' असं एका बाईंनी लिहिलं होतं. याच बाईंनी एकेकाळी 'ही बाई मुलांचे हाल करते' म्हणत नाव काढून मुलाला नेलं होतं, आणि नंतर गुपचूप परत आणलं होतं. जोडलेले हात मंगलला आवडत नसत. "जोडले की ते कामातून गेले," असं म्हणायची. मी फोन पालथा ठेवला आणि सेशन पूर्ण केलं. आता या गोष्टीला काही आठवडे झाले, तरी तो ग्रुप मी सोडलेला नाही.

मंगल ऑक्युपेशनल थेरपिस्ट, मी स्पीच थेरपिस्ट. पनवेलला दोन खोल्यांत आमचं सेंटर. तिचं काम काय, हे जासईच्या तिच्या घरात कुणालाच नीट सांगता येत नसे. आई गावात सांगायची, "आमची मंगल पोरांना बटनं लावाला शिकवते." मंगलला ही व्याख्या पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा पटायची. आमची भांडणं मात्र रोजची. मी एखाद्या मुलाच्या तोंडून शब्द काढायला तासभर घाम गाळावा आणि हिने दारातूनच म्हणावं, "शुभा, आधी त्याचे पाय जमिनीला टेकव. लोंबकळणारा माणूस काय बोलणार?" मला राग यायचा. तरीही पायाखाली पाट सरकवायचे, आणि पोरगं थोडं स्थिर बसून तोंड उघडायचं. मग राग आणखी वाढायचा. शाळांशीही तिचं असंच चाले. एका बाईंनी 'अक्षर घाणेरडं, मुलगा आळशी' असा शेरा मारला, तर ही सुट्टीच्या दिवशी शाळेत सुतार घेऊन गेली आणि त्या मुलाच्या बाकाचे पाय कापून आली. परवानगी नंतर मागितली. त्या बाईंना तिने उंच स्टुलावर बसवून, पाय अधांतरी ठेवून, फळ्यावरचा उतारा लिहायला लावला. बाई पुढे वर्षभर तिच्याशी बोलल्या नाहीत, पण बाक तसाच राहिला.

शनिवारचा डबा ही तिची खरी ख्याती. त्या दिवशी सगळी मुलं एकत्र जेवायची, आपल्या हाताने, आणि आईबापांनी समोर भिंतीला टेकून बसायचं. हात स्वतःच्या मांडीखाली दाबून. वरण नाकात जावो, भात केसांत जावो, कुणी हात काढायचा नाही. आर्या नावाच्या एका मुलीला घास तोंडापर्यंत नेताच येत नसे, तो गालावर, कानावर, कुठेही जायचा. तिची आई समोर बसून रडायची. मंगलने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "रडा हो, पण हात काढू नका," एवढंच म्हणाली. मी तिला नंतर म्हटलं, अगं, जरा गोड बोललीस तर काय बिघडेल? ती म्हणाली, "गोड बोलायला तू आहेस ना." आर्या आता कॉलेजला आहे आणि, आई सांगते त्याप्रमाणे, कुणालाही आपल्या ताटाला हात लावू देत नाही.

मग मंगलला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. अजून पन्नाशीही गाठली नव्हती... लग्न केलेलं नव्हतं, आई कधीच वारलेली, तेव्हा हॉस्पिटलमधून तिला थोरला भाऊ यशवंतदादा करंजाड्याच्या आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. भाड्याचा पलंग आणला, तिची उजवी बाजू भिंतीकडे येईल असा तो भिंतीला लावला, नाकात जेवणाची नळी होतीच. दादा वाईट माणूस नाही, हे मला सांगितलंच पाहिजे, कारण वाईट असता तर त्याच्याशी भांडणं सोपं गेलं असतं. बहिणीवर त्याचा जीव होता. तिची वेणीसुद्धा तो स्वतः घालायचा.

मी गिळण्याची तपासणी केली, तेही स्पीच थेरपिस्टचंच काम. घट्टसर अन्न ती नीट गिळत होती. डॉक्टरांशी बोलून नळी काढवली, फिजिओथेरपिस्टला बोलावलं, दोघांनी मिळून ठरवलं की तिला ताठ बसवायचं आणि डाव्या हाताने जेवू द्यायचं. मुलांसाठी आम्ही अशा किती बैठका केल्या होत्या, त्यात मधल्या खुर्चीवर नेहमी ती असायची. आता ती पलंगावर होती आणि आमच्या तोंडाकडे बघत होती. दादाला बाकी सगळं पटलं, डावा हात पटला नाही.

"मॅडम, आमच्या घरात डाव्या हातानं कोन जेवत नाय. गावची मानसं भेटाला येतात. काय बघतील?"

"उजवा चालत नाही तिचा, दादा."

"मग मी हाय ना भरवाला."

तो भरवायचा. ती डाव्या हाताने चमचा हिसकावायची, वाटी उडवायची. तेव्हा वहिनींनी तिचा डावा हात ओढणीने पलंगाच्या दांडीला बांधायला सुरुवात केली. मऊ ओढणी शोधून आणली होती, गाठही सैल होती. मी ते पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना, आणि माझा तर धंदाच तो.

गाठ मी सोडली. दादाला समोर खुर्चीवर बसवलं, हात मांडीखाली ठेवायला सांगितलं, आणि मंगलपुढे वरणभाताची ताटली ठेवली. तिने घास उचलला. सांडला. परत उचलला, थोडा हनुवटीवर, थोडा छातीवर. तिसरा तोंडात गेला... तिने माझ्याकडे पाहिलं, ते मी विसरणार नाही. दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि मग तो उठला. पुढे होऊन त्याने तिचं तोंड पुसलं, ताटली काढून घेतली आणि म्हणाला, "बस झाला. माझ्यानं नाय बघवत. तुमी नका येऊ आता, मॅडम. लई हाल केले तिचे." मंगलने तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्यानंतर ती भरवलेल्या घासाला तोंडच उघडेना, असं मला फिजिओथेरपिस्टकडून कळलं. नळी परत घातली, हात परत बांधला. पुढे फिजिओलाही बंद केलं, आता तिला कशाला त्रास, म्हणून. शेवटी छातीत कफ झाला आणि त्यात ती गेली.

तेराव्याला मी गेले. हार घातलेला फोटो बाहेर होता, पंगत चालू होती, सगळेजण दादाचं कौतुक करत होते की सख्ख्या मुलानेही एवढं केलं नसतं. मी तिच्या खोलीत गेले. पलंग परत गेला होता. तो जिथे टेकला होता तिथे भिंतीवर हातभर लांब, कमानीसारखा पट्टा उमटला होता. खाली रंग पार निघून गिलावा दिसत होता, वर जाता जाता पट्टा पुसट होत गेला होता. दादा माझ्यामागे येऊन उभा राहिला.

"ओल आली भिंतीला," तो म्हणाला. "चादरीवर रोज भुगा पडाचा. नवीन बिल्डिंगचा हाच प्रॉब्लेम. रंगारी सांगितलाय."

"तिच्या उजव्या हाताला काही झालं होतं का?"

"हा, बोटांच्या मागं सालपटली होती. बेडसोअर. ही मलम लावाची."

मी माझी मूठ पट्ट्याच्या खालच्या टोकाला टेकवली आणि भिंतीवर घासत वर नेली, जेवणारा माणूस हात तोंडाकडे नेतो तशी. जिथे तिचं तोंड आलं असतं, त्याच्या चार बोटं अलीकडे पट्टा संपला.

दादा भिंतीकडे बघत राहिला. बाहेर कुणीतरी त्याला वाढायला हाक मारत होतं.

"म्हंजे... उजवा चालत होता तिचा?"

"चालायला लागला होता," मी म्हटलं.