फाडलं की सरळ जातं

जालन्यात हट्टी माणसांची काही टंचाई नाही; पण बाकीच्यांकडे हट्ट किरकोळीत मिळतो, आमच्या मामंजींकडे ठोक भावात. मामंजी म्हणजे माझे सासरे. जुन्या जालन्यात कापडाचं दुकान, सगळा जन्म गादीवर गेलेला, आणि तत्त्वज्ञान एकच: कापडाला कात्रीचा नुसता दात लावायचा, पुढचं हातानं फाडायचं. "कात्री मानसाच्या मर्जीनं जाती म्हनून वाकडी जाती. फाडलं की धाग्यानं जातं, बराबर सरळ जातं." मला बघायला आले तेव्हा त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. आमच्या पडद्याची कड चिमटीत धरली आणि माझ्या आईला म्हणाले, "हे कात्रीनं कापलंय." तेव्हाच सावध व्हायला हवं होतं, पण नवरा मुलगा बरा वाटला.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, बोलणं शाबूत राहिलं (जरा जास्तच शाबूत राहिलं, असं मी चिडले की म्हणते), पण उजव्या हातातली ताकद गेली. दवाखान्यातून घरी आले त्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, "ह्या हातानं कापड फाटंल तव्हाच दुकानाची पायरी चढीन. तवर बिलकुल न्हाई." आमच्या ह्यांनी परोपरीनं समजावलं, की बाबा, तुम्ही गादीवर नुसते बसा, फाडायला माणसं आहेत. "नुसतं बसायला लोड हाये की गादीवर, मला कशाला नेता?" झालं! त्या दिवसापासून दुकानाची वेळ झाली की टोपी घालायची आणि खाटेवर उजवा हात मांडीवर घेऊन बसायचं. ते बघवत नसे, खरं सांगते.

डॉक्टरांनी ऑक्युपेशनल थेरपी सांगितली, म्हणजे रोजची कामं माणसाला आपली आपण करता यावीत म्हणून हाताला पुन्हा वळण लावायचं. मामंजींनी त्यातला एकच शब्द उचलला. "ऑक्युपेशन म्हंजे धंदा. ब्यांकेच्या कागदावर जन्मभर लिहीत आलो. मंग ही धंद्याची थेरपी हाये!" त्यामुळे थेरपीवाल्या मुलीनं पहिल्याच दिवशी राजम्याची वाटी पुढे ठेवून एकेक दाणा उचलायला सांगितलं, तेव्हा त्यांनी वाटी मागे सारली. "पोरी, माझं किरान्याचं दुकान न्हाई."

पोरगीही वस्ताद. म्हणाली, "कापड फाडायचंय ना आजोबा? मग आधी चिमटी यायला पाहिजे. चिमटी आली की कापड." हे मात्र पटलं. राजमे उचलले गेले, दोरीवरचे चिमटे काढले-लावले गेले, आणि सरावाला म्हणून तिनं एक जुनं मांजरपाट दिलं. तिथंच माझ्या संसाराला दृष्ट लागली. मांजरपाट संपलं तशी उशीची खोळ गेली, मग ह्यांची लुंगी गेली, आणि एका दुपारी बँकेतल्या नोकरीवरून येऊन बघते तर माहेरहून आलेली माझी चादर खाटेवर अर्धी फाटलेली, एक टोक त्यांच्या दातात. मी कपाळावर हात मारला. "अहो मामंजी, ही चादर मी वापरायलाही काढली नव्हती!" दातातलं टोक काढून म्हणाले, "सुती हाये म्हनून घेतली. तुझ्या नायलॉनच्या साडीला हात लावला का मी?" म्हणजे उपकारच की!

त्याहून वाईट सकाळ. त्या मुलीनं मला बजावलं होतं, त्यांचं त्यांना करू द्या, तुम्ही मध्ये हात घालू नका. सांगायला काय जातं! माझी रिक्षा दारात वाजतेय, आणि हे सदऱ्याच्या एका बटनाशी कुस्ती खेळतायत. वरचं बटन खालच्या काजात. मी नुसती जवळ सरकले तरी गरजायचे, "हात लावू नको! करून राह्यलो ना मी!" भाकरी मोडायला गेले तरी तेच, चप्पल सरळ करून ठेवली तरी तेच. दिवसभर भांडी घासीन, पण दुसऱ्याचं बटन लागेपर्यंत हात बांधून उभं राहणं, देवा, हे माझ्याच्यानं होत नाही.

मग त्या मुलीचं लग्न ठरलं. ती शेवटची यायची होती त्या दिवशी मी ओटीची तयारी केली. मामंजींनी दुकानातून केंब्रिकचा ताजा तागा मागवला. "ब्लाऊजपीस मी फाडनार." ती मुलगी समोर बसली, मी शेजारी. डाव्या हातानं त्यांनी कात्रीचा दात लावला, दोन्ही चिमट्या धरल्या आणि ओढलं. वीतभर फाटलं, आणि उजव्या चिमटीतून कापड निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. कपाळावर घाम आला. माझे हात शिवशिवत होते. पदर मुठीत घट्ट धरून मी बसून राहिले. त्या मुलीनंही मान खाली घातली.

त्यांनी तागा मांडीवर ठेवला. मग माझ्याकडे न बघताच खेकसले, "बघत काय बसलीस? धर की इकडून!"

इतके महिने हात लावला म्हणून बोलणी खाल्ली, आता लावला नाही म्हणून! मी टोक धरलं. दुसरं त्यांच्या उजव्या मुठीत. टर्रर्र करून कापड या कडेपासून त्या कडेला गेलं, धाग्याला धागा सरळ. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला आणि मुलीला म्हणाले, "मोठ्या पन्ह्याच्या रुंद कापडाला दोघं लागतेतच. दुकानात बी लागतेत." मी आतून हळद-कुंकू आणायच्या निमित्तानं उठले आणि स्वयंपाकघरात पोटभर रडून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून ते दुकानात जाऊ लागले. सकाळचा आरडाओरडा थांबला, माझी रिक्षा वेळेवर निघते, कपाटातल्या चादरी शाबूत आहेत. बरंच झालं म्हणायचं. पण घर कसं गप्प वाटतं. म्हणून हल्ली संध्याकाळी मी एखादी जुनी चादर दाराजवळच्या खुर्चीवर टाकून ठेवते, सुतीच. ते येतात, टोपी काढतात, चादरीची कड चिमटीत धरून बघतात आणि म्हणतात, "धर."