कान्हेरी : दर टाक्यापाशी एक पेला पाणी

या ब्लॉगवर मी कच्छ, केरळ, अख्खी कोकण किनारपट्टी लिहिली. तरी सगळ्यात अवघड प्रवास कुठला, असं कुणी विचारलं की मी भांडुप ते कान्हेरी सांगते. लोक हसतात. हसू देत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बारावी होऊन वर्षभर मी भांडुपच्या घरात बसून होते. पुण्याला डी.एड. करायचं, वसतिगृहात राहायचं, हे ठरवलं होतं मी एकटीनेच. आई ऐकायलाच तयार नव्हती. मला सिकलसेल आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात आणि मग अशी कळ येते की हाडं आतून कुणी पिळतंय. नववीत शाळेच्या सहलीला घारापुरीला गेले आणि परतले ती थेट इस्पितळात. त्यानंतर माझा प्रवास म्हणजे घर ते दवाखाना.

मग सावंत सिस्टर भेटल्या. मूळच्या मालवणच्या, तोंडाने फटकळ. महिन्यातून एका रविवारी पालिकेच्या शाळेतल्या वर्गात त्या आमच्यासारखी सात-आठ कुटुंबं जमवायच्या आणि फळ्यावर बांगडी अन् विळा काढून रक्त समजावायच्या. तिथेच मी मुलुंडच्या मेश्रामकाकांना पाहिलं. हाच आजार, वय पंचेचाळीस, कारखान्यात नोकरी, दोन मुलं! या आजाराचा पिकल्या केसांचा माणूस असतो हे मला माहीतच नव्हतं. मी त्यांच्याकडे बघतच बसले.

एका रविवारी सिस्टरांनी विचारलं, "घारापुरीला दिवसभरात पाणी किती प्यायलीस?"

"एक घोट. बोटीत चढायच्या आधी."

"एकच? का गो?"

मी आईकडे बघितलं. सहलीला निघताना तिनेच बजावलं होतं, पोरींची जात, बाहेर सोय नसते, पाणी कमी पी. सगळ्याच आया सांगायच्या. पण बाकीच्या मुली तहानेल्या राहिल्या नि घरी गेल्या, माझं रक्त मात्र आटून अडकलं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला तिची फार दया आली.

सिस्टरांनी तिथल्या तिथे कान्हेरीची सहल जाहीर केली. घरी आल्यावर आईची गावाकडची वऱ्हाडी सुटली. "कायले जाते? घारापुरीले गेली तं काय झालं, विसरली?"

"तू पण चल. धड परत आले तर पुण्याचा अर्ज भरायचा. बोल."

"अन् दुखलं तं?"

"तर पुन्हा नाव काढणार नाही."

फेब्रुवारी निवडला होता, थंडी सरलेली आणि ऊन अजून सोसण्यासारखं. मेश्रामकाकांनी ओळखीतून एक मेटाडोर मिळवली, डिझेलपुरती वर्गणी काढली. पवईवरून आरे कॉलनीतून गोरेगावला हायवेवर आणि तिथून बोरीवली. सिस्टरांच्या यादीत गुंफांच्या आधी लिहिलं होतं : थांबे. आरेत एक, राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी एक. आडोसा नसेल तिथे दोघींनी लुगडं धरायचं. एक टोक आईच्या हातात आलं. सगळ्या बायका हसून बेजार झाल्या, आईसुद्धा.

कान्हेरीला गेलात तर एक नक्की बघा. जवळपास प्रत्येक गुंफेशेजारी खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. भिक्खूंनी राहायची जागा कोरली तेव्हाच पिण्याच्या पाण्याची सोय केली. सिस्टरांचा नियम सोपा होता : टाकं दिसलं की बसायचं, आपल्या बाटलीतलं पेलाभर पाणी प्यायचं, मगच पुढची पायरी.

"पी गो बाय, लाजतंस कित्याक?"

मोठ्या चैत्यापर्यंत मजेत पोचलो. तिथून पुढे कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या. मध्यावर माझी पोटरी ठणकली आणि माझी वाट लागली! झालं, संपलं पुणे, असं वाटून डोळे भरले. आईने मला टाक्याच्या काठावर बसवलं, पेला भरला, पोटरी हातांनी ऊबदार केली. एक पेला, दुसरा, तिसरा. सगळे थांबले, कुणी घाई केली नाही. वीसेक मिनिटांनी ठणका ओसरला. मेश्रामकाका म्हणाले, "चल पोरी, मी पण आत्ताच दम खाल्लाय."

आणि मी चढले! वर सपाट कातळ, खाली गर्द जंगल, आणि लांब धुरकट मुंबई. मी दोन्ही हात वर करून ओरडले. झकास! वर आदिवासी बायकांकडची तिखटमीठ लावलेली काकडी खाल्ली, सिस्टरांचे घावणे खाल्ले. इतकं चविष्ट मी आजवर काही खाल्लेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले तर आई उशाशी बसलेली.

"पाय?"

"ठीक आहेत."

तिने पुन्हा विचारलं, मी उठून चालून दाखवलं. ती स्टुलावर चढली, माळ्यावरची ट्रंक खाली काढली आणि फडक्याने पुसायला लागली.

पुढे मी शिक्षिका झाले, तीस वर्षं सहली नेल्या. आजही माझ्या प्रत्येक लेखात पाणी आणि बायकांची सोय कुठे, हे देवळांच्या आधी असतं. वाचक त्यावरून चेष्टा करतात. पण पुण्याला निघाले त्या दिवशी एस.टी. हलल्यावर आई खिडकीबरोबर पळत अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडत होती, "भरपूर पाणी पी गं! लाजू नको!"